छायाचित्रकार राजा लाला दीनदयाळ

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या मराठी घरांत ओसरीच्या भिंतीवर किंवा देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यावर एखादे तपकिरी पडलेले छायाचित्र हमखास टांगलेले असते. पागोटे बांधलेले, अंगरखा घातलेले, हातात काठी घेतलेले आजोबा किंवा पणजोबा खुर्चीत ताठ बसलेले असतात. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसते. लहानपणी आपल्याला वाटते की पूर्वीची माणसे फार रागीट असावीत. खरे कारण निराळेच आहे. त्या काळी फोटो काढून घेणे ही हसत हसत उरकण्याची गोष्ट नव्हती. कित्येक सेकंद पापणीही न हलविता बसावे लागे. जरा हालचाल झाली की काच वाया जाई, श्रम वाया जात आणि रसायनांचा खर्चही वाया जाई.

आज आपल्या हातातील फोन खिशातून काढला की चित्र निघते आणि दुसऱ्या क्षणी ते सातासमुद्रापलीकडील आतेभावाला दिसते. विद्यार्थी मित्रांनो, या सुलभतेत वाईट काही नाही. परंतु आपल्या डोळ्यांनी पाहिलेले दृश्य टिकवून ठेवून दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी ज्या गृहस्थांनी आयुष्य वेचले, आणि ज्यांच्या कार्याचा आरंभ आपल्या या इंदूर शहरात झाला, त्यांचे चरित्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव लाला दीनदयाळ. पुढे ते राजा दीनदयाळ झाले. तथापि इंदुरात आले तेव्हा ते पगारावर काम करणारे एक साधे नोकर होते.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मीरत जिल्ह्यातील सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यात झाला. बेगम समरूची सरधना ती हीच. 1857 च्या मे महिन्यात मीरतच्या छावणीत उठावाची ठिणगी पडली तेव्हा दीनदयाळ तेरा वर्षांच्या आतबाहेरचे होते आणि त्यांचे गाव तेथून काही कोसांवरच होते. त्या दिवसांत त्या मुलाने काय पाहिले असेल याची कल्पनाच केलेली बरी. एवढे मात्र खरे की ज्या राज्यकर्त्यांच्या पदरी पुढे त्यांना मानमरातब मिळाला, त्यांच्या सत्तेचा पाया कसा हादरला होता हे त्यांच्या पिढीने जवळून पाहिले होते.

घराण्याचा धंदा रत्नांची पारख करण्याचा. पण मुलगा गेला रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात. 1847 साली स्थापन झालेल्या या संस्थेत कालवे, पूल आणि सरकारी इमारती बांधण्यासाठी लागणारी माणसे तयार होत. मोजणी, नकाशे, खर्चाचे अंदाज हे तेथील मुख्य विषय. 1866 साली दीनदयाळ इंदुरास बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य अंदाजनीस आणि नकाशाकार म्हणून रुजू झाले. इमारतीचा उभा छेद, आडवा छेद, कमानीचा बाक आणि खांबाचे प्रमाण ही त्यांची रोजची भाषा होती. पुढे त्यांनी देवळांची व राजवाड्यांची जी छायाचित्रे घेतली, त्यांत एकही खांब कलंडलेला दिसत नाही आणि इमारतीचा नेमका कोपरा नेमक्या उजेडात धरलेला असतो. त्याचे मूळ रुडकीच्या त्या कोरड्या शिक्षणात आहे असे मला वाटते. कोणती विद्या पुढे कोठे उपयोगी पडेल हे शिकताना कळत नाही.

छायाचित्रण ही कला हिंदुस्थानात 1840 च्या सुमारास, म्हणजे तिचा शोध युरोपात जाहीर झाल्यापाठोपाठच, येऊन पोचली होती. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची एक संस्थाही स्थापन झाली होती. परंतु हे सारे साहेब लोकांचे आणि मूठभर धनिकांचे प्रकरण होते. दीनदयाळ यांनी इंदुरात असताना, नोकरी सांभाळून, फावल्या वेळात हा छंद धरला. 1874 च्या सुमारास ते या कामात चांगलेच रमले होते.

छंद म्हटला तरी तो किती कष्टाचा होता हे समजून घेतल्याखेरीज या माणसाची योग्यता कळणार नाही. तेव्हा प्रचारात होती ती ओल्या काचेची पद्धत. ती 1851 साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने शोधून काढली होती. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडिअन नावाचा चिकट द्रव हातानेच सर्वत्र सारखा पसरावयाचा. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्याच्या आत पुन्हा अंधारात नेऊन ती धुवावयाची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. माळव्याच्या उन्हाळ्यात ही काच किती लवकर वाळत असेल, याचा विचार करा! म्हणून छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याची अंधारी राहुटी, बाटल्या, पाण्याची भांडी, काचांच्या पेट्या आणि लाकडी कॅमेरा हा सारा पसारा बैलगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर त्याच्याबरोबर जाई. मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी लागे, कारण काचेवरून कागदावर उतरविताना चित्र सहसा वाढविता येत नसे. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. त्यावर काच दाबून ठेवून तो उन्हात धरावयाचा आणि चित्र उमटेपर्यंत वाट पाहावयाची. शेवटी सोन्याच्या क्षाराने त्याला रंग आणि टिकाऊपणा द्यावयाचा. जवाहिऱ्याच्या मुलाला सोन्याचांदीशी पुन्हा असा संबंध येईल असे कोणाला वाटले असेल?

या कामातील त्यांचे कौशल्य लौकरच लोकांच्या नजरेस आले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी त्यांना उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर व्हाइसरॉयचे एजंट असलेले सर हेन्री डेली यांनाही त्यांचे काम पसंत पडले. आपल्या शहरातील डेली कॉलेजाला ज्यांचे नाव आहे तेच हे डेली. 1875-76 च्या हिवाळ्यात इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा दीनदयाळ यांना त्यांची छायाचित्रे घेण्याची संधी मिळाली. एका देशी नोकराला ही संधी मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. इंदुरात त्यांचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला आणि छंद हळूहळू धंद्याचे रूप घेऊ लागला.

डेली यांच्या मागून एजंट म्हणून आलेले सर लेपेल ग्रिफिन यांना प्राचीन वास्तूंची आवड होती. 1882-83 साली ते बुंदेलखंड आणि आसपासच्या प्रदेशात दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर घेतले. दतियाचा राजवाडा, ओरछा, सोनागिरीची जैन मंदिरे, खजुराहो, सांची आणि ग्वाल्हेरचा किल्ला या सर्वांची छायाचित्रे दीनदयाळ यांनी घेतली. ग्वाल्हेरचा किल्ला 1858 पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. तो शिंदे सरकारांना परत मिळावयास अद्याप अवकाश होता. मानमंदिराच्या निळ्या फरशीची शोभा काळ्या-तपकिरी छायाचित्रात दिसणे शक्य नव्हते. पण त्या भिंतीचे गोल बुरूज उन्हात कसे उभे आहेत, हे त्या चित्रांत असे दिसते की पाहणाऱ्याचा हात भिंतीवरून फिरावा. सांचीच्या स्तूपाची तोरणे त्या सुमारास नुकतीच दुरुस्त करून उभी केली जात होती. खजुराहोला जाणेच मुळी कठीण होते; तेथपर्यंत रेल्वे नव्हती. ही देवळे ज्यांनी कधी पाहिली नव्हती, किंबहुना ज्यांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते, अशा दूरदूरच्या लोकांना ती प्रथम दिसली ती अशाच चित्रांतून. 1886 साली ग्रिफिन यांनी मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील आपला ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यातील मजकूर ग्रिफिन साहेबांचा. पण त्या ग्रंथाचा प्राण म्हणजे त्यातील चित्रे आणि ती दीनदयाळ यांची.

येथे त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. सरकारी नोकरी, तीही मुख्य नकाशाकाराची, म्हणजे दरमहा बांधलेला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. घरी बायको-मुले. दुसऱ्या बाजूला काच, रसायने आणि गिऱ्हाइकांची मर्जी. या दौऱ्याचे काम पुरे करण्यासाठी त्यांनी लांबची रजा घेतली होती. ती रजा संपल्यावर कचेरीत परतावयाचे की नाही, हे ठरविणे भाग होते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारले तर आजही ते काय सल्ला देतील हे सांगावयास नको. दीनदयाळ यांनी नोकरी सोडली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. मला त्यांच्या साऱ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत धाडसाची वाटते. पुढे मिळालेल्या पदव्यांपेक्षाही.

1885 साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. याच काळात सुक्या काचा बाजारात सर्रास मिळू लागल्या होत्या. त्या अगोदर तयार करून ठेवता येत, आणि त्यांवर चित्र उमटण्यास वेळही थोडा लागे. त्यामुळे धावते घोडे, कवायत करणारे सैन्य, मिरवणूक अशी हालती दृश्येही पकडणे शक्य झाले. 1886 च्या आरंभी दिल्लीजवळ झालेल्या मोठ्या लष्करी कवायतींची चित्रे दीनदयाळ यांनी घेतली. याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराशी त्यांचा संबंध जुळला आणि सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ उघडला. येथून पुढे त्यांचे उरलेले आयुष्य मुख्यत्वेकरून निजामच्या राज्यात गेले.

निजाम आणि दीनदयाळ यांचा स्नेह नुसता धनी आणि चाकर असा नव्हता. निजामाने त्यांच्या कौशल्यावर एक उर्दू शेर रचला होता. 1894 साली त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब मिळाला. मुसव्विर म्हणजे चित्रे काढणारा. जंग हा शब्द निजामशाही किताबांत सरदारांना लावीत असत. हातात तलवार न धरता काच धरणाऱ्या माणसाला हा किताब मिळावा याची मौज वाटते. व्हिक्टोरिया राणीचीही सनद त्यांना मिळाली. 1893 साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि त्यांचा गौरव झाला. त्याच वर्षी त्याच शहरात स्वामी विवेकानंद धर्मपरिषदेत बोलले, हे आपणांस ठाऊकच आहे.

दरबारच्या कामाचे वर्णन लांबविण्यात अर्थ नाही. फलकनुमा राजवाड्याचे दिवाणखाने, मेजवान्यांची मांडलेली टेबले, शिकारीत मारलेल्या वाघांमागे उभे असलेले पाहुणे अशी शेकडो चित्रे त्यांनी घेतली. 1902 साली लॉर्ड आणि लेडी कर्झन वरंगळकडे शिकारीस आले असता वाघासह घेतलेले त्यांचे चित्र तर पुष्कळ पुस्तकांतून दिसते. आज आपण ते पाहिले तर वाघाबद्दल वाईट वाटते. छायाचित्रकाराला काय वाटले असेल ते चित्रात दिसत नाही. त्याने आपले काम चोख केले आहे एवढेच दिसते.

याहून मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच काम. 1892 साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला. पडद्यातील स्त्रियांनी परपुरुषासमोर कॅमेऱ्यापुढे बसावे हे त्या काळी अशक्यच. म्हणून तेथील सर्व कारभार श्रीमती केनी-लेविक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला होता. परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाला आईचे चित्र पाठवावयाचे, सासरी गेलेल्या मुलीजवळ माहेरची आठवण असावी, या इच्छा पडद्याच्या आतही होत्याच. बाहेर दुकानाच्या काचेत मांडण्यासाठी ही चित्रे नव्हती. चित्र कोणाला दाखवावे आणि कोणाला दाखवू नये हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, हे त्या स्टुडिओने मान्य केले होते. आपल्या काळात, घेतलेले प्रत्येक चित्र जगाला दाखविण्याची घाई असताना, या गोष्टीची आठवण ठेवावी असे वाटते.

आणि सर्वसामान्य माणसे? दीनदयाळ यांच्या स्टुडिओत नबाबांबरोबर व्यापारी येत, कारकून येत, लष्करातील शिपाई येत, नवपरिणीत जोडपी येत. स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या नोंदवह्या असत आणि काचांवर क्रमांक घातलेले असत. एखाद्याला देवळाचे किंवा किल्ल्याचे चित्र हवे असेल तर क्रमांक सांगून त्याची प्रत मागविता येई. दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद या आपल्या मराठवाड्यातील स्थळांची चित्रेही त्यांच्या संग्रहात आहेत. तो सारा मुलूख तेव्हा निजामच्या राज्यात होता. वेरूळचे कैलास लेणे पाहावयास ज्याला प्रवास झेपत नव्हता, तोही एक प्रत विकत घेऊन घरी बसून ते पाहू शकत होता. प्रत स्वस्त नव्हती हे खरे. तरीपण अगोदर जे केवळ राजाच्या चित्रकाराकडून राजालाच मिळत असे, ते आता पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळू लागले होते.

1899-1900 साली दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. औरंगाबाद भागात निजाम सरकारने दुष्काळी कामे काढली. तेथील चित्रे दीनदयाळ यांनी घेतली. झुंबरे, गालिचे आणि हिऱ्यांचे शिरपेच टिपणाऱ्या त्याच कॅमेऱ्यापुढे आता हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने उभी होती. ही चित्रे त्या माणसांनी मागविलेली नव्हती आणि त्यांच्या हाती ती पडलीही नसतील. सरकारी कामाची नोंद म्हणून ती घेतली गेली आणि त्यांतील काही लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात गेली. त्यांतल्या कोणाचेही नाव आपणांस कळत नाही. दरबारी चित्राखाली मात्र प्रत्येक सरदाराचे नाव लिहिलेले असते. ही उणीव एकट्या दीनदयाळ यांच्या पदरी घालणे न्याय्य होणार नाही, परंतु ती डोळ्याआडही करू नये. एवढे मात्र म्हणता येईल की ती चित्रे घेतली गेली नसती तर मराठवाड्यातील त्या वर्षाचा चेहरा आपणांस दिसला नसता. फक्त सरकारी आकडे उरले असते.

1896 साली त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला. तेच ते वर्ष, ज्या वर्षी जुलै महिन्यात मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली आणि पावसाळा सरता सरता प्लेगने शहरात पाऊल टाकले. तिकडे अमेरिकेत 1888 साली निघालेला कोडॅकचा हातकॅमेरा आता हिंदुस्थानातही हौशी लोकांच्या हाती दिसू लागला होता. ज्या छंदासाठी दीनदयाळ यांना बैलगाडीभर सामान लागे, तो आता पेटीएवढ्या जागेत मावू लागला. लोक आपली चित्रे आपणच घेऊ लागले, की मोठ्या स्टुडिओची गिऱ्हाइके घटणार हे उघड होते.

1903 च्या दिल्ली दरबाराची चित्रे त्यांनी घेतली. त्यांचे पुत्र धरमचंद आणि ज्ञानचंद हे धंद्यात त्यांच्या बरोबर होते. 1904 साली धरमचंद वारले. म्हातारपणी हाताशी आलेला मुलगा जाणे हे दुःख कोणत्या किताबाने हलके होणार? पुढच्याच वर्षी, 5 जुलै 1905 रोजी, दीनदयाळ यांनीही जगाचा निरोप घेतला. 1911 साली त्यांचे आश्रयदाते निजाम महबूब अली खानही कालवश झाले. ज्ञानचंद यांनी काही काळ काम चालविले, परंतु पूर्वीचे दिवस परत आले नाहीत.

स्टुडिओ बंद पडला की त्यातील काचांचे काय होते, हे ऐकून मन विषण्ण होते. अनेक जुन्या स्टुडिओंतील काचा घासून खिडक्यांना लावल्या गेल्या, चांदीसाठी धुऊन काढल्या गेल्या किंवा ओलाव्याने बुरसून गेल्या. अंगणात ठेवलेल्या खोक्यांतील माणसांचे चेहरे पावसात विरघळून जावेत तसे ते चेहरे गेले. दीनदयाळ यांच्याही किती काचा नष्ट झाल्या असतील! सुदैवाने त्यांच्या वंशजांनी पुष्कळ काचा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांपैकी 2857 काचा घेऊन आपल्या संग्रहात ठेवल्या. 2006 साली भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्याने इतरांची चित्रे घरोघरी पोचविली, त्याचे स्वतःचे चित्र अशा रीतीने पाकिटावर चिकटून घरोघरी गेले.

पुस्तकांतून किंवा संगणकावर त्यांची चित्रे पाहण्याची संधी मिळाली तर देवळांच्या चित्रांकडे जरा सावकाश पाहा. काही चित्रांत पायरीशी किंवा खांबाच्या सावलीत एखादा माणूस बसलेला दिसतो. इमारतीची उंची कळावी म्हणून त्याला तेथे बसविलेले असे. ही नकाशाकाराची जुनी सवय. तो हमाल असेल, बैलगाडी हाकणारा असेल किंवा जवळच्या गावचा कोणी वाटसरू असेल. त्याला सांगितले असेल की काही क्षण हलू नकोस. तो हललेला नाही.